कडीपलीकडचं सोनं
बाजारात आपट्याच्या पानांचे ढीग दिसले की माझं डोकं अजून तापतं. कडावला आमचा तेलाचा घाणा होता. आम्हा इस्रायली ज्यूंचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. त्या वर्षी दसरा आणि आमचा दारफाळणीचा सण एकाच दिवशी आले. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून, उपाशीपोटी देवाकडे क्षमा मागायची आणि बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. दिवस मावळताना माझी मैत्रीण दार वाजवू लागली. नुकतंच लग्न झालेलं तिचं. “दार उघड गं, सोनं आणलंय! उद्या पहाटं सासरी चालले मी.” मी उठले, तर वडिलांनी मनगट धरलं. “चांदणी दिसंपर्यंत कडी काढायची नाय.” “ओ तरी देऊ द्या,” मी म्हणाले, तर त्यांनी माझं तोंडच दाबलं. ती हाका मारमारून गेली. चांदणी दिसली, दार उघडलं, तर उंबऱ्यावर चुरगळलेली पानं. मी तशीच तिच्या घरी धावले. ती एवढंच म्हणाली, “माझा इटाळ होतो का गं तुमाला?” पुन्हा कधी बोलली नाही. दिवसभर आम्ही देवाची माफी मागितली, तिची कोणी मागितली? तो उपास मी आजही धरते. त्या दिवशी सगळ्यांना माफ करायचं असतं, मीही करते. वडील सोडून.