खाडीला भरती येईपर्यंत

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि त्या दुपारचं जेवण तर तिनंच वाढलं होतं.

भिंतीवर माझं पर्यावरण शिक्षकाचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. त्याची मला इतकी चीड येते, की जाता-येता एखादी शिवी हासडतो. मग काढून का टाकत नाही? कसं टाकणार — त्याच्यावरच तर माझं दुकान चालतं.

नव्वदनंतरची गोष्ट. शाळेत पर्यावरण शिकवणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण हवं, म्हणून आमच्या बोईसरकडच्या काही कारखानदारांनी खर्च उचलून एक वर्ग काढला. शेवटी बाहेरचे परीक्षक येणार, आणि प्रत्येकानं मुलांना उघड्यावर नेऊन एक पाठ घ्यायचा. दोघादोघांची जोडी — एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं साक्षीला राहायचं. माझी जोडीदार हेमांगी, घिवलीच्या कोळ्यांची मुलगी. आमच्याच शाळेत हंगामी होती. प्रमाणपत्र मिळालं तर कायम होणार होती. माझा पाठ आदल्या दिवशी तिवरांच्या झाडीत होऊन गेला होता, अगदी झकास.

तिनं खाडी निवडली, आणि वेळ सकाळची, ओहोटीची. ओहोटी लागली की कारखान्यांच्या नाल्याचं तांबूस पाणी उघडं पडायचं, चिखलात मेलेले निवटे मासे दिसायचे. तेच तिला मुलांना दाखवायचं होतं. मी आधी तिच्याबरोबर जाऊन ते सगळं पाहून आलो होतो — नाकाला रुमाल लावून.

आणि मला धडकी भरली. ज्यांच्या पैशावर वर्ग चालतो, त्यांचंच पाणी परीक्षकांपुढे? उद्या वर्गच गुंडाळला तर माझ्या प्रमाणपत्राचं काय? बघा — अजूनही मी ‘धडकी’ म्हणतोय. भेकडपणा म्हणायला जीभ वळत नाही.

मग मी काय केलं? पाहुणचार केला. परीक्षक आदल्या दिवसासारखेच सकाळी स्टेशनवर उतरले, त्यांना थेट घरी नेलं. हेमांगीच्या आईनं आदल्या संध्याकाळी माझ्याकडे पापलेटं पाठवली होती — पोरीचं काम आहे, साहेबांना चांगलं खाऊ घाला म्हणून. तीच बायकोला तळायला लावली. आग्रह करकरून खाऊ घातली. मग पान. मग “जरा पडा साहेब, ऊन फार आहे.” तिकडे ती मुलांना घेऊन खाडीवर ताटकळत उभी, आणि इकडे मी साहेबांना उशी देतोय!

आम्ही पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. मुलांनी बाटलीत पाणी घेतलं, ते स्वच्छ निघालं. मुलांना उगाच घाबरवता कशाला, असं परीक्षक हसत म्हणाले. एरवी पुस्तकी मराठी बोलणारी हेमांगी घाबरून घरचं बोलू लागली. “आता भरती हाय, साहेब. ओवटीला या, मग बगा. सर, तुमी सांगा ना यांना — तुमी पायलंय!”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“मला तरी तसं काही दिसलं नव्हतं,” मी म्हणालो.

एवढंच. तिला नापास केलं. जूनमध्ये शाळेत तिच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. खोटं शिकवते, हा शिक्का घेऊन ती गेली — आणि खोटं तर मी बोललो होतो.

त्या दिवशी परतताना तिनं वाटेत एकच विचारलं. “आयनं दिलेली पापलेटं बरी व्हती ना, सर?” सहज विचारलं असेल? छे! कोळ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला, साहेब भरतीपर्यंत कुठे अडकले, हे कळणार नाही होय? मी “छान होती” म्हणालो आणि सायकलला टांग मारली.

आता या परीक्षा मीच घेतो. नव्या शिक्षकांना बजावतो — जे डोळ्यांनी पाहाल, तेच मुलांना शिकवा. ते माना डोलावतात, आणि मला त्यांचा राग येतो. एकजण तरी उलटून का विचारत नाही? गेल्या महिन्यात नवी तुकडी त्याच खाडीवर नेली होती. वेळ मी ठरवली.

भरतीची.