वत्सलाच्या छातीवरचे ठिपके

वत्सलाच्या डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती. सर्जनसाहेबांनी मला बोलावलं ते छातीवरचे निळे ठिपके पाहून. रेडिएशन रोज त्याच जागी पडावं म्हणून खुणेचे ते गोंदणाचे ठिपके मीच बारा वर्षांपूर्वी काढले होते.

वर्ध्याजवळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी फिजिसिस्ट होतो. कोबाल्ट मशीनमधून कुणाला किती रेडिएशन द्यायचं, त्याचा हिशोब माझा. वत्सला सिंदीची, भाजीपाल्याच्या मळ्यातली. एकोणिसाव्या वर्षी तिला हॉजकिन्स झाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. आम्ही कोबाल्टनं तिची मान आणि छाती शेकली. ती बरी झाली, लग्न झालं, मुलगी झाली.

आता प्रश्न होता, तेव्हा स्तनाला डोस किती गेला? मी तिच्या उपचाराचं जुनं कार्ड काढलं. मेणाचे ठोकळे रचून छातीएवढा आकार केला, आत डोस मोजायचा चेंबर ठेवला आणि तेव्हाचंच फील्ड, म्हणजे किरण पडायची चौकट, पुन्हा लावलं. फुप्फुसं आम्ही शिशाच्या ठोकळ्यांनी झाकली होती. स्तनाचा छातीच्या मधोमधकडचा भाग मात्र उघडाच होता. गाठ तिथंच होती.

"मशीननंच झालं, असं सिद्ध होतं का?" आमच्या रेडिएशन विभागाच्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"एका बाईबद्दल नाही सांगता येत. पण धोका वाढतो, सर."

"मग कागदावर नको. लोक कोबाल्टला घाबरतील."

मी वत्सलाला तोंडी सांगितलं. तिनं मांडीवरच्या मुलीला नवऱ्याकडे दिलं.

"तवा काऊन नाई सांगतलं, सायेब?"

"तेव्हा आम्हालाही नीट माहीत नव्हतं. पुढे कळत गेलं, पण तुम्हाला कळवायचं कुणाला सुचलं नाही."

"शेक त मी घेतलाच असता. मराले थोडीच बसली होती. पण गाठ हाती लागल्याबरोबर आली असती ना! सहा महिने दूध साचलं समजून राह्यली मी."

ऑपरेशन झालं, पण आजार यकृतापर्यंत गेला होता. पोरगी चालायला लागली, त्यानंतर थोड्याच दिवसांत वत्सला गेली.

मी तिच्यासारखी छाती शेकलेल्या सगळ्या मुलींची कार्डं काढली आणि स्तनांची तपासणी करून घ्या, असं सांगणारी पत्रं डॉक्टरसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि सह्या केल्या. बरीच पत्रं परत आली, पत्ते बदलले होते. नालवाडीची एकजण पत्र मिळताच आली. तिची गाठ वाटाण्याएवढी होती. ती वाचली.

डोसचा हिशोब मी कधी चुकलो नव्हतो. पण बऱ्या झालेल्या माणसाला पुढं कशावर नजर ठेवायची ते सांगणं, हेही आमचंच काम होतं.