गाडीचं नाक आणि माझी कात्री

रविवारी सकाळी माझी कात्री गायब झाली. ज्यांच्या घरात टेलर आहे त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळेल... बाकीच्यांनी नुसती मान हलवावी.

भांडुपला घरीच मी वीस वर्षं ब्लाउज शिवतेय. नऊ इंची कात्री, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. तिने कागद कापायचा नाही आणि दुधाची पिशवी तर मुळीच नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम.

संशयित एकच. माझी लेक सायली, मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सकाळी सातलाच "वर्कशॉप आहे" म्हणून पळालेली, आणि फोन उचलत नव्हती. मग भुर्जी-चपातीचा डबा भरला (निमित्त नको का?), घाटकोपरला मेट्रो पकडली आणि थेट अंधेरीला तिच्या कॉलेजात धडकले.

तर... सायलीची टीम रेसिंगची गाडी बनवते. टीव्हीवर त्या सुसाट पळतात ना, त्यांची ही धाकटी बहीण. कॉलेजांच्या स्पर्धेसाठी. गाडीचं पुढचं टोक, म्हणजे नाक, सायलीच्या वाट्याला आलंय. वर्षभर ते नाक आमच्याकडे रोज जेवायला असतं, इतकं त्याचंच बोलणं.

वर्कशॉपात शिरले तर टेबलावर काळंभोर, चकचकीत कापड पसरलेलं. टीमचा कॅप्टन फरहान त्यावर वाकलेला, आणि त्याच्या हातात माझी कात्री!

"थांब!" मी अशी ओरडले की पोराने कात्री टेबलावर ठेवून दोन्ही हात वर केले.

"मम्मी, प्लीज यार... आत्ता नको ना," सायली म्हणाली. आवाज ऐकूनच मी कात्री सोडून तिच्याकडे बघितलं. ती खालचा ओठ चावत होती, आणि ही सवय पहिलीत होती तेव्हापासूनची.

ते कापड म्हणजे कार्बन फायबर. मोठ्या रेसच्या गाड्यांचं जवळजवळ सगळं अंग याचंच असतं म्हणे. साच्यात कापड बसवायचं, रेझिन नावाचा चिकट रस पाजायचा, वर प्लास्टिक लावून पंपाने हवा खेचून घ्यायची. वाळलं की लोखंडाला लाजवेल असं कडक, आणि उचलायला सुपाएवढं हलकं.

पण कापडाला चुणी पडली तर तिथे हवा अडकते आणि नाक तिथेच तडकतं. कोपऱ्यात अशी दोन वाया गेलेली नाकं पडली होती. टेबलावरचा तुकडा शेवटचा, आणि नवीन कापड स्पर्धेच्या आत येणार नव्हतं. हाही बिघडला तर गेल्या वर्षीचं जड नाक लावायचं... म्हणजे पोरीच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी.

मी ती बिघडलेली नाकं हातात घेतली. त्या चुण्या बघून माझं डोकंच फिरलं. अहो, गोलाईवर सरळ कापलेलं कापड!

"अगं, उरेब काप ना!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मी कापड तिरकं धरून दाखवलं. सरळ धरलं की ते हटून बसतं, तिरकं धरलं की मऊ होऊन वळतं. "कटोरी ब्लाउजची कटोरी कशी बसते अंगाला? उरेब कापते म्हणून!" सायली लालबुंद. फरहान छताकडे बघायला लागला.

आणि मग सायलीचा चेहरा एकदम बदलला. "फॉर्टी-फाइव्ह डिग्री! मम्मी, तू फॉर्टी-फाइव्ह डिग्री म्हणतेयस!" मी उरेबच म्हणत होते, पण असो.

आनंद दोनच मिनिटं टिकला. उरेबला कापड जास्त लागतं, हे कुठल्याही टेलरला विचारा. माप घेतलं, तर एका बाजूला वीतभर कमी.

ब्लाउजपीस कमी पडला की आम्ही जोड काखेत लपवतो. म्हणून मी विचारलं, "या गाडीची काख कुठे आहे रे?"

फरहान हसत सुटला, पण सायलीने साचा उलटा केला. नाकाच्या खालच्या बाजूला जोड चालणार होता. शिवायचं मात्र नाही, एकावर एक दोन बोटं कापड चढवायचं, रेझिनच धरून ठेवतं. हे मला ठाऊक नव्हतं, ते तिने शिकवलं.

आधी पेपरचा नमुना साच्यात बसवला, मग खडूने आखलं. पैठणीचा ब्लाउजपीससुद्धा मी एकदाच मापून कापते, हा तुकडा तीनदा मापला. कापून झालं तसं सायली टीमला सांगायला लागली, "ओढू नका, बसवा." माझंच वाक्य! लहानपणी मशीनपाशी बसून ऐकलेलं.

सोमवारी साचा उघडला. फोटो आला... एक चुणी नाही. जोड शोधायला मला चष्मा लावावा लागला.

कात्रीची मात्र वाट लागली. कार्बनने धार पार खाल्ली. धारवाला म्हणाला, लावून देतो, पण पहिल्यासारखी नाही होणार.

काल सायलीने आणखी एक फोटो पाठवला. गाडीच्या प्रत्येक भागाचा एक कागद असतो, कुणी काय केलं त्याचा. त्यात लिहिलं होतं, 'कटिंग: सुनंदा, लेडीज टेलर, भांडुप. सायलीची आई.'

ॲडमिशनच्या फॉर्मवर तिने आईचा व्यवसाय 'गृहिणी' लिहिला होता. मी तो वाचला होता. तेव्हा लागलं होतं मला. काल तो फोटो बघून मशीनवर डोकं ठेवून रडले, खरं सांगते.

सायले, ही पोस्ट तू वाचशीलच. ती कात्री आता वर्कशॉपातच ठेव, मी दुसरी घेते... पण तिने कागद कापलास ना, तर बघ!