पेटीबाहेरची गोळी

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण तो बार अजून डोक्यात घुमतो आणि डाव्या कानानं मला तेव्हापासून अर्धंच ऐकू येतं.

इंग्रजांचं राज्य होतं. निपाणी भागातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. माझ्या नुसत्या खाकरण्यानं वखारीतले चोर थेट लोंढ्याला जाऊन गाडी पकडत. हे मी म्हणत नाही, चोरच म्हणत.

तंबाखूच्या व्यापाऱ्यांना त्या काळी पिस्तुलाची भारी हौस. परवान्याच्या नूतनीकरणाला सगळे हत्यारं घेऊन ठाण्यावर येत आणि आमच्या ओसरीवर मतांचा बाजार भरे.

“रिव्हॉल्व्हर म्हंजे कोटाखाली वांगं लपवल्यागत दिसतंय. पिस्तूल कसं, चपटं.”

“चपटं हाय, पण ऐन वक्ताला अडकलं की त्यापेक्षा लाटणं बरं.”

“खिशात ठेवू नका, राव. धोतर सुटंल.”

त्यांच्यात एक थोरले शेठ होते. ते नुसते मिशीत हसत. “मी कसं बाळगतो, ते बायकोबिगर कुणाला ठावं न्हाय,” म्हणत.

त्या वर्षी खंडेनवमीला दुपारी त्यांचे दिवाणजी धापा टाकत आले. “साहेब, धाकट्या भावानं थोरल्यांना गोळी घातली. वाटणीवरनं परवाच भांडण झालतं.”

मी गेलो. शस्त्रपूजेच्या पाटाजवळ थोरले पडलेले. पिस्तूल खाली. त्याचं मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बाहेर काढून झेंडूच्या फुलांबरोबर ताटात ठेवलेली. पंचांसमक्ष पेटी उघडली. सातची पेटी, सातही गोळ्या जागेवर. मग सुटली ती कुठली? धाकट्यानं ती खिशातून आणली आणि भरली, हे मी तिथंच ठरवून टाकलं. सरळ खून, सरळ हिंडलग्याच्या तुरुंगातला फास.

तीन दिवस मी त्याची चौकशी केली. माझ्या आवाजानं कौलं हलत. तो मात्र एकच सांगे, “रिकामं हुतं, साहेब.”

“मग भाऊ काय वाऱ्यानं मेला?”

“अण्णानं पेटी काढली. म्हणाला, रिकामं हाय, धर, हळदकुंकू लाव. मी धरलं. लावताना चाप दाबला गेला. रिकामं हुतं, साहेब.”

जाणकार म्हणून मी तिघा परवानाधारकांना बोलावलं. तिघांची प्रत्येक बाबतीत चार मतं, पण इथं एकमत. “पेटी काढली की रिकामं. डोस्कं काढल्यावर माणूस बोलंल व्हय?”

चौथ्या दिवशी थोरल्यांच्या पत्नी जबाबाला आल्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, “भावजींना सोडा म्हणाया मी आले न्हाय. एक इचारायचं हाय. हे म्हणायचे, पेटी सातची, पर माझ्याकडं कायम आठ असत्यात. ती आठवी कुठं असती, साहेब?”

मी जबाब अर्धाच टाकून उठलो.

मी पिस्तूल मागवलं. भरलेली पेटी बसवली, वरचा पोलादी भाग मागं ओढून सोडला. एक गोळी नळीत गेली. पेटी काढली, एक गोळी कमी झालेली. तिथं नवी भरली. पुन्हा सात. पेटी डाव्या हातात, पिस्तूल उजव्या. मग तिघांना आत घेतलं.

“आता?”

“रिकामं,” तिघं म्हणाले. त्यांतल्या एकानं तर हसत हसत तळहात नळीपुढं धरला. “मारा की साहेब, हितं.”

मी नळी भिंतीकडं वळवली आणि चाप ओढला.

बार असा झाला, की कचेरीतले कारकून बोरगावच्या शिवेवर जाऊन थांबले. भिंतीचा गिलावा परातभर खाली आला. त्या गृहस्थाचा तळहात अजून तसाच पुढं होता. त्याला तो मागं घेता येईना. मलाही पिस्तूल खाली ठेवता येईना. तीन दिवस मी एका खरं बोलणाऱ्या माणसाला फासाकडं ढकलत होतो.

तपासाचा कागद मी पुन्हा लिहिला. कोर्टानं अपघात मानला. धाकटा सुटला त्या दिवशी वहिनी स्वतः बैलगाडी घेऊन आल्या. हा तुरुंगाच्या फाटकातच थबकला.

“माझ्याच हातनं गेला, वहिनी.”

“हात तुमचा हुता,” त्या म्हणाल्या. “रिकामं हाय, हे त्यांनी सांगितलं हुतं. चला, पोरं जेवायची थांबल्यात.”

पुढं मी कैक गुन्हेगार पाहिले. खोटं बोलणारा रोज काहीतरी नवं जोडतो. ह्यानं तीन दिवसांत एक अक्षर बदललं नव्हतं, आणि मी त्याच्यापेक्षा भरल्या पेटीवर विश्वास ठेवला. थोरल्यांचा विश्वासही त्या पेटीवरच होता. आठवी गोळी स्वतः रोज भरणारा माणूस सणाच्या गडबडीत तीच विसरला.

निवृत्त होईपर्यंत माझ्या एकाही पंचनाम्यात ‘रिकामे’ हा शब्द नाही. ‘उघडून पाहिले, आत काही आढळले नाही’ एवढंच लिहीत असे. वरिष्ठ हसत. मी मात्र ते वाक्य लिहिण्याआधी दर वेळी स्वतः उघडून पाहिलं.