फळ्यावरचा 'एक्सपेक्टेड'

माझी मावशी एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. काका मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला. वर्षातून दोनदा घरी यायचे आणि आल्या आल्या गळके नळ दुरुस्त करत बसायचे. "नवरा कमी, प्लंबर जास्त," मावशी म्हणायची.

त्या हिवाळ्यात जहाज वेळेवर आलं नाही. बंदराच्या ऑफिसात एक फळा होता. त्यावर काकांच्या जहाजापुढे इंग्रजीत एकच शब्द लिहिलेला, 'एक्सपेक्टेड'. मावशीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिने मला सोबत नेलं होतं.

"काय लिहिलंय?"

"अपेक्षित. म्हणजे येईल असं वाटतंय."

"कोणाला वाटतंय?"

मग तिने खिडकीपलीकडच्या कारकुनालाच विचारलं. माणूस भला होता. म्हणाला, "तसं कोणा एकाला नाही, बाई. बातमी नसली की असंच लिहायची पद्धत आहे."

"म्हणजे तुम्हाला वाटत नाही."

तो समोरचे कागद नीट लावू लागला.

परतताना तिने विचारलं, "वाट बघण्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"वेगळा शब्द आहे, 'वेटिंग'. कोण बघतंय तेही त्यात सांगावं लागतं."

"मग तो शब्द नाही लिहिणार ते," मावशी म्हणाली.

पुढे ती रोज कामावरून सुटली की बंदरावर जायची. शब्द जागेवर आहे एवढं बघायचं आणि घरी यायचं. "काय वाटतं गं तुला?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. वाटायला हवं, एवढं कळतं."

उन्हाळ्यात ती ओळ पुसली गेली. कंपनीचा माणूस घरी आला. जहाज वादळात बुडालं असं धरून चाललोय, म्हणाला. मावशीने त्याला चहात साखर किती ते विचारलं. तो गेल्यावर आईने तिला जवळ घेतलं. "एकदा मोकळेपणी रड."

"येत नाही, ताई. खोटं कशाला रडू?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आता लॉन्ड्रीतल्या सगळ्या मुली तिच्या हाताखाली आहेत. काकांचे बूट तिने वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला दिले, त्याला ते बरोबर बसले. परवा मी तिच्याकडे होते तेव्हा तो ते घालून जिना चढत होता, आवाज अगदी काकांच्या पावलांचा. मी दाराकडे बघितलं. मावशी भाजी चिरत होती, ती चिरत राहिली.