जावयाला सेकंड माल?

ऑपरेशन थिएटरात आयुष्य काढलं, की किस्से साठतातच. घरी जेवताना सांगितले, तर बायको ताट घेऊन उठते! म्हणून तुम्हाला सांगतो. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी भूल देणारा, आणि कापणारे आमचे बिराजदार सर.

कमरेखालचं हाडांचं कडं मोडलं, की आत रक्त सुटतं, आणि नेमकं कुठून ते सापडत नाही. सर मग कापडी घड्या कोंबून दाबून धरायला लावत. एकदा नवा हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, सारखा घडी उचलून बघायला लागला. उचलली, की भळाभळा!

"अरे, भात शिजला का बघायला सारखं झाकण काढतोस का? दाब!" सर खेकसले.

रक्त थांबलं. पण दाबून दाबून हाउसमनच्या हातात संध्याकाळपर्यंत चहाचा कप काही राहीना.

*

एकदा चादरी विणणाऱ्या एका मागवाल्यांचा जावई आणला, ट्रकनं उडवलेला. थिएटरात नेईपर्यंत कंबर आवळून बांधायची, म्हणजे रक्त जरा आटोक्यात राहतं. सरांनी सासऱ्यांच्या खांद्यावरची चादर ओढली. सासरे आडवे आले!

"ती नको डॉक्टर! सेकंड माल हाय, वीण ढिली हाय. घरनं चांगली आणतो!"

"अहो, जावई पांढरा पडतोय!"

"म्हणूनच की! जावयाला सेकंड माल कसा बांधायचा?"

तीच बांधली. जावई वाचला, पण सासरे सरांवर रुसले ते रुसलेच.

*

आणि सांगोल्याकडचा नामदेव! भरली बैलगाडी अंगावर उलटलेली. सरांचे दोन्ही हात जखमेत दाबलेले, रक्ताच्या बाटल्या संपलेल्या, आणि माझ्या बोटांना नाडी लागेना.

सोबत आलेल्यांत रक्त जुळलं फक्त चुलतभावाचं, महादूचं. आणि शेताच्या बांधावरून या दोघांची कोर्टात केस! एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते. नामदेवची बायको नुसते हात जोडून उभी. महादूनं तिच्याकडं बघितलंही नाही, गपचूप बाही वर केली.

रक्त चढलं. नाडी हाताला लागली. सरांनी घडी उचलली, तर खाली कोरडं! मला रडूच यायचं बाकी होतं.

बाहेर येऊन सरांनी महादूच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! वैर विसरलास की!"

"इसरतोय कुटं, सायेब? ह्यो मेल्यावर मी भांडू कुणासंगं?"