सातव्या खांद्यावरची शाल

शनिवार, ३० एप्रिल १९७७. शाल एक, किंमत अठ्ठेचाळीस रुपये. पैसा कर्मचारी क्लबच्या वर्गणीतला, वर्षाला माणशी एक रुपया. त्यात माझाही एक. सत्कार सात जणांचा. हजर: एक मोठे साहेब पाहुणे म्हणून, तीन विभागप्रमुख, क्लबचे सचिव आणि कृषी विद्यापीठाचं सभागृह भरेल एवढे आम्ही नोकर लोक. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी दरवर्षी असा कर्मचारी-गौरव होत असे.

एक शाल सात जणांना कशी पुरते ते आधी सांगतो. मंचावर पाहुणे शाल पांघरतात, हातात नारळ देतात. टाळ्या होतात. सत्कार झालेला माणूस डाव्या अंगाच्या पडद्याआड उतरतो. तिथं शिपाई रहीमभाई उभे असतात. ते शाल काढून घेतात, घडी घालतात आणि मागच्या मागं तबकात नेऊन ठेवतात. तीच शाल पुढच्याच्या अंगावर. नारळ ज्याचा त्याला. शेवटी शाल क्लबच्या कपाटात, पुढच्या कार्यक्रमासाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी वाईट वाटून घेत नव्हतं. मीही नाही. काटकसर मला समजते.

छापील पत्रिकेत नावं नोकरीच्या वर्षांप्रमाणं होती. हिशेब शाखेतला लिपिक, चौदा वर्षं नोकरी, म्हणून माझं नाव तिसरं. दोन सत्कार झाले. मी सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या आणि अर्धा उठलो. पुकारा झाला बागेतल्या माळ्याचा.

परत बसलो. शेजारचा म्हणाला, "बाबू, तुमचा डबा गाडीला मागं जोडला वाटतं."

मी पत्रिका पुन्हा बघितली. तिसरं नाव माझंच होतं. चूक झाली असेल म्हणून चौथ्या पुकाऱ्याची वाट बघितली. मग पाचव्याची. माळ्याच्या खांद्यावरची शाल मातीशास्त्राच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर गेली, त्यांच्या खांद्यावरची ट्रॅक्टर-ड्रायव्हरच्या. माळ्याचा पगार माझ्यापेक्षा कमी. म्हणजे हे पगाराचं नव्हतं, हुद्द्याचं नव्हतं. मग कशाचं, हा प्रश्न तिथं खुर्चीवरच माझ्या मनात शिरला. तो पुन्हा निघाला नाही.

सातवा मी. पाहुण्यांनी शाल टाकली. त्यांची बोटं माझ्या खांद्याला लागली नाहीत. ते मी मनावर घेतलं नाही. उकडत होतं, सगळ्यांना घाई होती.

पडद्याआड गेलो, शाल काढली आणि रहीमभाईंपुढं धरली. त्यांनी हात मागं घेतले.

"आपके पास रख लो, बाबू. नानासाब बोले."

नानासाब म्हणजे नानासाहेब. क्लबचे सचिव आणि आमच्या कार्यालयाचे अधीक्षक. माझ्या गोपनीय अहवालावर पहिलं मत त्यांचं. जूनमध्ये वरिष्ठ लिपिकाची एक जागा भरायची होती आणि नंबर माझा होता.

मी शाल घेऊन घरी आलो. स्टेशनजवळच्या वस्तीत दोन खोल्या, त्यात बायको, तीन लेकरं आणि आई. आईनं हातातून शाल घेतली, अंगाभोवती गुंडाळली आणि त्या उकाड्यात तशीच उंबऱ्यावर जाऊन बसली. येणारा-जाणारा विचारायचा. ती सांगायची, "माझ्या लेकाला मोठ्या सायबानं पांघरली."

बायकोनं मला आत बोलावून विचारलं, "सगळ्यांला दिली का?"

"नाही. मलाच."

"मंग एक तर तुमी त्या सात जणांत सगळ्यांत मोठे, नाहीतर..." एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली.

सोमवारी रहीमभाईंना चहाला घेऊन गेलो. ते बशीत बघत राहिले.

"मेरेकू बीच में मत डालो, बाबू. बाल-बच्चेवाला आदमी हूँ."

"तुमचं नाव कुठं येणार नाही."

"नानासाब बोले, इनका नाम आखिर में लेना. इनके बाद शाल किसीके अंग पे नको. लोगां नाराज होते. बस, इत्ताच बोले."

रहीमभाईंनी त्यांच्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

म्हणजे शाल दिली नव्हती. टाकून दिली होती. सहा जणांच्या अंगावरून ती चांगली राहिली. माझ्या अंगावरून गेली आणि क्लबच्या कामाची उरली नाही. आम्ही छप्पन साली धर्म बदलला, मी शिकलो, चौदा वर्षं त्यांच्या खुर्च्यांसारख्याच खुर्चीवर बसलो. पाण्याच्या माठापाशी कुणी काही बोलत नसे. मला वाटलं होतं, ते संपलं. ते संपलं नव्हतं. फक्त वाकडं बोलायचं सोडून गोड बोलायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. आई शाल पांघरून विहारात निघाली. बायका हसल्या, "मायबाई, एवढ्या उन्हात शाल?" आई म्हणाली, "ऊन काय, रोजचंच हाय. शाल रोज भेटती का?" मी मागून चालत होतो. प्रत्येक घरापाशी ती थांबायची आणि प्रत्येक घरापाशी मला जमिनीत जावं वाटायचं. तिला सांगावं तर तिच्या अंगावरून ओढून घेतल्यासारखं. न सांगावं तर नानासाहेबांचं काम मीच पुरं केल्यासारखं.

संध्याकाळी लेकरं बाहेर होती. सांगून टाकलं. पुकाऱ्याचा क्रम, रहीमभाई, सगळं.

आई म्हणाली, "तुला आता कळालं व्हय? मला तर तू घरात आनली तवाच कळालं."

"मग पांघरलीस कशाला?"

"आपल्या गावच्या दारातला रांजण आठवतो का तुला?"

आठवत होता. आमचं गाव ताडकळसच्या पुढं. आमच्या वस्तीत तेवढा मोठा रांजण कुणाच्या दारात नव्हता. मी जन्मलो तेव्हा पाटलीणबाईंनी खुशीनं दिला, असं आई सांगायची. लहानपणी मी त्याला टेकून बसायचो, दुसऱ्या पोरांना हात लावू द्यायचो नाही.

"ते खुशीचं न्हवतं," आई म्हणाली. "तू पोटात होतास. वाड्यापुढं सारवायला गेलते. चक्कर आली अन् हात टेकला तो रांजणावर. मातीचं भांडं, धुऊन निघत न्हाई. पाटलीनबाई म्हनली, ने आता तूच. तुझ्या बापानं अन् चुलत्यानं बैलगाडीत घालून आनला. लोकाला काय सांगावं? म्हनलं, लेकरासाठी दिला."

मी तिच्या अंगावरच्या शालीकडं बघितलं.

"आपला हात लागलेलं ते कधी माघारी घेत न्हाईत. म्हनून आपल्याला जे जे भेटलं ते असंच भेटलं. मी त्याला देनगी म्हनत आले. दुसरं काय म्हनू?" तिनं शाल काढली आणि घडी घातली. कडेला कडा लावून, सावकाश. "माझं गेलं. तू शिकल्याला हाईस. नेऊन दे. त्यांला म्हनावं, माघारी घ्या."

बुधवारी शाल घेऊन नानासाहेबांपुढं उभा राहिलो.

"अहो, ती तुम्हालाच दिली," ते म्हणाले.

"बाकी सहा जणांना का नाही दिली?"

"तुमचा विशेष सत्कार समजा."

"पत्रिकेत तसं नाही. पत्रिकेत माझा नंबर तिसरा आहे."

ते हसले. "तुम्ही हिशेबातली माणसं. मानपानाचाही ताळेबंद मांडता."

"पुढच्या निरोप समारंभाला हीच वापरा. एवढंच मागतो."

मी शाल पुढं केली. त्यांनी हात पुढं केला नाही. हातातल्या पेनानं कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. "ठेवा तिथं. बघू."

मी ती स्टुलावर ठेवली. रहीमभाईंनी कपाटात टाकली. किल्ली फिरवल्याचा आवाज मी ऐकून घेतला.

३१ मे, मंगळवार. कीटकशास्त्राचे एक प्राध्यापक निवृत्त होत होते. तेच सभागृह, तेच तबक. नानासाहेबांनी तबकावरचा रुमाल उचलला. खाली दुकानातली नवी शाल, दोरीसुद्धा सोडलेली नाही.

मी उठलो. समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"नानासाहेब, क्लबची शाल कपाटात आहे. ही नवी कशाला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबू, पोटात दुखायलंय का?" थोडे लोक हसले.

नानासाहेब म्हणाले, "ती मळली आहे."

"सहा खांद्यांवर नाही मळली. सातव्यावर मळली?"

आता कुणी हसलं नाही. माळी पहिल्या रांगेच्या टोकाला बसला होता. त्यानं मान खाली घातली. निवृत्त होणारे प्राध्यापक म्हणाले, "आज माझा निरोप आहे. असले प्रश्न दाराबाहेर ठेवून यायचे असतात."

"चौदा वर्षं दाराबाहेरच ठेवले, सर."

"बसा खाली," नानासाहेब म्हणाले.

मी बसलो नाही. शाल पांघरली गेली, भाषणं झाली, फोटो निघाला. फोटोत मागं एक उभा माणूस दिसतो, तो मी. संपेपर्यंत उभा राहिलो. माझ्या वस्तीतले, विद्यापीठात कामाला असलेले आणखी तिघं त्या सभागृहात होते. त्यांच्यापैकी एकही उठला नाही. मी त्यांना दोष देत नाही. प्रत्येकाचा अहवाल कुणीतरी लिहीत असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठ लिपिकाची जागा माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेल्याला मिळाली. ते मी धरूनच चाललो होतो. त्याच दिवशी रहीमभाई एक पाकीट घेऊन आले. आत एक रुपयाची नोट आणि चिठ्ठी: आपणास क्लबचे व्यवहार मान्य नसल्याने वर्गणी परत करीत आहोत.

नोट हातात घेतली आणि पहिल्यांदा मला सगळं सरळ दिसलं. माझी रुपयाची नोट गेलं वर्षभर त्यांच्याकडं होती. माझ्या हातून घेतली होती, थुंकी लावून इतरांच्या नोटांत मोजली होती. तिचा विटाळ झाला नव्हता. आता मी प्रश्न विचारला तेव्हा झाला. विटाळ माझ्या खांद्याचा नव्हताच. माझ्या उभं राहण्याचा होता.

आणि परत देतानाही ते तेच करत होते. ने आता तूच.

दुपारच्या सुट्टीत क्लबच्या खोलीवर गेलो. खजिनदार बसले होते. त्यांनी टेबलाकडं बोट केलं, "ठेवा इथं."

"टेबलावर नाही. हातात घ्या."

मी हात तसाच पुढं धरून उभा राहिलो. खोलीत कॅरम खेळणारे दोघं थांबले. शेवटी त्यांनी हात पुढं केला आणि नोट घेतली. मी पावती लिहून घेतली.

सभासद राहिल्याशिवाय सभेत प्रश्न विचारता येत नाही. म्हणून दर जूनमध्ये वर्गणी भरतो. सभेत उठतो आणि विचारतो, ती शाल कुठं आहे? दर वेळी उत्तर वेगळं येतं. कपाट तेच आहे. ती त्या कपाटातून निघून, माझ्यानंतर, सगळ्यांदेखत दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पडेपर्यंत मी विचारत राहणार. तोपर्यंत त्यांनी दिलेलं काही घरी आणणार नाही, नारळसुद्धा नाही.

भरले: एक रुपया. क्लबच्या खजिनदारांना, त्यांच्या हातात.